साडूंचा बाहेरचा पिझ्झा

पिझ्झा इटलीत जन्माला आला असेल, पण त्याला वळण लागलं ते कॅनडातल्या मिल्टनमध्ये, माझ्या साडूंच्या हाताखाली. हे मत माझं नाही, त्यांचं आहे, आणि ते इतक्या शांतपणे सांगतात की ऐकणाऱ्याला इटलीची थोडी कीवच यायला लागते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, शिक्षणाने धातुशास्त्रातले इंजिनियर. बरीच वर्षं विंडसरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात 'क्वालिटी'त काढली आणि मग मिल्टनला घर घेतलं. तिथली नवी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. पाहुणे हमखास चुकतात, दुसऱ्याच्याच दाराची बेल वाजवतात. आम्ही चुकत नाही. ज्या घरामागून धूर येतो ते साडूंचं.

त्यांच्याकडे पिझ्झ्यासाठी जेवढी यंत्रं आहेत तेवढी त्यांच्या कारखान्यातही नसावीत. त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे तापमान मोजायचं पिस्तूल. चाप ओढला की समोरच्या वस्तूवर लाल ठिपका पडतो आणि मागच्या पट्टीवर आकडा उमटतो. ते आणलं ओव्हनचं तापमान मोजायला. पण हातात पिस्तूल आल्यावर माणूस फक्त ओव्हनवर किती वेळ नेम धरणार? साडूंनी चहा मोजला, बेसमेंटच्या पायऱ्या मोजल्या, शेजाऱ्यांचं मांजर मोजलं. एकदा मी आमच्या मार्कहॅमहून हायवेवरच्या गर्दीत अडकत, वैतागत त्यांच्या दारात पोचलो, तर त्यांनी दार उघडून आधी माझ्या टकलावर ठिपका धरला, आकडा वाचला आणि आत वळून म्हणाले, "चहा नको टाकू. सरबत कर. साडूभाऊ लय तापून आले."

पीठ मळायचं यंत्र हा दुसरा अध्याय. साडूंचं पीठ घट्ट असतं आणि यंत्र तापट. एका शनिवारी आम्ही दोघे ओट्यासमोर उभे राहून ते पीठ कसं मळतंय ते कौतुकाने बघत होतो. यंत्र धडधडत होतं, आणि धडधडता धडधडता एकेक इंच पुढे सरकत होतं. मला वाटलं हीच त्याची पद्धत असेल. साडूंना वाटलं मला काही बोलायचं असतं तर मी बोललो असतो. अशा परस्परविश्वासात ते यंत्र ओट्याच्या कडेपर्यंत चालत आलं आणि खाली उतरलं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, आवाज ऐकून धावत आल्या, फुटलेली फरशी पाहिली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन इंजिनियर होते ना इथे?" साडूंनी वाकून फरशीवरचं पीठ बोटाने दाबलं आणि म्हणाले, "पण मळलं मस्त."

मग दगड. पिझ्झा भाजायला जो खास दगड मिळतो तो त्यांनी आणला आणि पहिल्या वापरानंतर भांड्यांच्या साबणाने लख्ख घासला. तो दगड साबण पितो हे त्यांना माहीत नव्हतं. पुढचे कित्येक आठवडे आम्ही लिंबाच्या वासाचा पिझ्झा खाल्ला आणि आमची तोंडं स्वच्छ राहिली. शेवटी त्यांनी दगडावरचा विश्वास काढून घेतला आणि जुन्या कारखान्यातल्या एका मित्राकडून पोलादाची जाड लादी कापून आणली. ती इतकी जड आहे की ओव्हनची जाळी मधे वाकली. ती ठेवायला दोन माणसं लागतात, काढायलाही दोन लागतात. साडू हे नातं आपल्या लोकांनी कशासाठी निर्माण केलं असेल याचा उलगडा मला त्या लादीचं एक टोक धरून उभा असताना झाला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता ओव्हन, ज्याच्या मालकीवरून त्या घरात कायमचा वाद होता. आपल्याकडच्या बायकांनी या देशात येऊन ओव्हनला त्याची योग्य जागा दाखवून दिली आहे. ते कढया ठेवायचं कपाट आहे. थंडीत मात्र त्यातल्या कढया बाहेर येतात आणि दिवा लावून आत इडलीचं पीठ आंबायला ठेवलं जातं, कारण त्या दिवसांत घरभर शोधून दुसरीकडे कुठे तेवढी ऊब सापडत नाही. एका जानेवारीत साडू कामावरून आले, कोट काढायच्या आधी त्यांनी ओव्हन सगळ्यात वरच्या आकड्यावर लावला आणि बूट काढायला बसले. घरभर वेगळाच वास सुटला तेव्हा दार उघडलं. आत पातेल्यात एकच इडली झाली होती, पातेल्याएवढी, वरून लालसर आणि भेगा पडलेली. ताई कपाळाला हात लावून बसल्या. साडूंनी पिस्तूल आणलं, नेम धरला आणि म्हणाले, "मधून कच्ची असेल अजून."

आता कोणालाही वाटेल की हा एक हौशी माणूस, त्याला एक खूळ लागलं, बस. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण साडूंच्या पिझ्झ्याच्या मागे एक बाई होत्या. आमच्या सासूबाई.

सासूबाई बार्शीच्या. तिथल्या मुलींच्या शाळेच्या हेडबाई होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांच्या आवाजातून घंटा गेली नव्हती. दर दोन-तीन वर्षांनी त्या उन्हाळ्यात कॅनडाला यायच्या. राहायच्या आमच्याकडे मार्कहॅमला, आणि शनिवार-रविवार आम्ही त्यांना मिल्टनला न्यायचो. जाताना त्यांच्या मांडीवर डबा असायचा. डब्यात भाकरी, शेंगांची चटणी आणि एखादी कोरडी भाजी. मिल्टनला त्या पाणी घ्यायच्या, चहा घ्यायच्या (चहाला त्या अन्न मानत नसत), पण जेवायची वेळ झाली की आपला डबा उघडायच्या. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. आमच्याकडे दोन मुलं झाली, तेव्हा त्या आमच्याकडे जेवू लागल्या. ताईंना मूल झालं नाही. डॉक्टर झाले, टोरांटोच्या खेपा झाल्या, मग कधीतरी त्या घरात तो विषयच निघेनासा झाला. ताई पन्नाशीला आल्या. डबा मात्र येतच राहिला.

मी एकदा बायकोजवळ चिडून म्हणालो, "आई एवढ्या शिकलेल्या, जन्मभर मुलींना शिकवलं, आणि हे काय धरून बसल्यात?"

ती म्हणाली, "मी विचारलं होतं. आई म्हणाली, आता मी तिथे जेवले तर तिला वाटेल, आईनेपण वाट बघायची सोडली. ते तिला कोण सांगणार? मी नाही सांगणार."

हे सगळं साडूंनाही माहीत होतं. त्यांनी सासूबाईंशी कधी वाद घातला नाही, आडून काही सुचवलं नाही. प्रत्येक भेटीत ते फक्त पिझ्झा करायचे, त्यातला सगळ्यात चांगला तुकडा काढून सासूबाईंपुढे ठेवायचे आणि उभे राहायचे. सासूबाई चष्मा सारखा करून बघायच्या, मनापासून म्हणायच्या, "छान दिसतंय हो, जावईबापू," आणि डबा उघडायच्या. ताई त्या वेळी हटकून उठून फ्रिजमध्ये काहीतरी शोधायला लागायच्या. तो तुकडा गार झाल्यावर साडू स्वतः खायचे. पुढच्या वेळी नवीन यंत्र आलेलं असायचं. दगड गेला, लादी आली, मिठासाठी सोनाराकडे असतो तसला काटा आला. माणसाला वाटतं, अजून जरा बरा झाला तर नाही म्हणवणार नाही. आपल्या बायकोच्या घरी तिच्या आईने एक घास खावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी ते जगातल्या सगळ्या पिझ्झेवाल्यांशी एकटे झुंजत होते.

मग एका उन्हाळ्यात आम्ही सगळे नायगारा बघायला गेलो. परत येताना हायवेवरच्या कॉफीच्या दुकानात थांबलो. साडूंनी सगळ्यांसाठी कॉफी आणि डोनट आणले. सासूबाईंनी डोनट हातात घेतला, उलटसुलट पाहिला, मधल्या भोकातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. साडूंची कॉफी तोंडापाशी थांबली.

"आई," ते म्हणाले, "हा चालला तुम्हाला? मी आणला तरी?"

"त्याला काय झालं? हे बाहेरचं."

पुढे गाडी साडूच चालवत होते. मिल्टनचा फाटा आला तेव्हा हळूच मला विचारतात, "साडूभाऊ, बाहेरचं म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे हॉटेलातलं."

"हॉटेल नाही म्हणल्या त्या. बाहेरचं म्हणल्या." आणि कारखान्यात ज्या समाधानाने ते एखाद्या नकाशावर सही करत असतील त्या समाधानाने त्यांनी मान हलवली. "स्पेसिफिकेशन एकदम क्लियर आहे."

सासूबाई त्या वर्षी परत गेल्या, आणि पुन्हा येईपर्यंत साडूंच्या मागच्या अंगणात नवा ओव्हन उभा राहिला होता. कुत्र्याच्या घराएवढी पोलादी घुमटी, खाली चार पाय, वर धुराडं, मागे जळणासाठी लाकडाच्या भुशाच्या गोळ्या टाकायची पेटी. तो त्यांनी घराच्या भिंतीपासून टेप लावून शक्य तेवढा लांब, कुंपणाला खेटून ठेवला. पीठ मळायचं यंत्र गॅरेजमध्ये हलवलं. पाणी बागेच्या नळाचं. पिझ्झा आत सारायचं ॲल्युमिनियमचं लांब दांड्याचं फावडं बर्फाच्या फावड्यांशेजारी खिळ्याला टांगलं. पीठ-मीठ ठेवायला गॅरेजमध्ये वेगळी मांडणी केली. "स्वयंपाकघराचा याच्याशी संबंध नाही," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मिल्टनमधल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं काय वाटलं असेल देव जाणे.

मे महिन्यातला लाँग वीकेंड होता. हिवाळा संपला असं सगळ्यांनी एकमेकांना सांगायचे ते दिवस. सासूबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. साडीवर माझ्या मुलाचं हॉकीचं जाकीट, चपलांत लोकरी मोजे आणि मांडीवर डबा. साडू ॲप्रन बांधून, कमरेला पिस्तूल खोचून उभे. पहिला पिझ्झा फावड्याला चिकटला. अर्धा ओव्हनमध्ये गेला, अर्धा बाहेर राहिला आणि मधेच दुमडला.

"करंजी छान झाली," सासूबाई म्हणाल्या.

दुसरा आत गेला आणि वारा सुटला. जाळ विझला, धूर मात्र झकास झाला. शेजाऱ्यांनी त्यांच्या खिडक्या लावून घेतलेल्या ऐकू आल्या. तिसरा पिझ्झा साडू फावड्यावर पसरतात न पसरतात तोच पाऊस आला, तोही आडवा आणि बर्फासारखा गार. आम्ही पळापळ करून सासूबाईंना मागच्या दाराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे डेकवर, मोठ्या छत्रीखाली नेलं. आत चला म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बसते इथेच. बघू दे मला."

ताई सरकत्या दारात येऊन म्हणाल्या, "अहो, आत आणा ते. मी कढया काढल्यात, ओव्हन तापलाय."

"आत नाही."

"भिजेल सगळं."

"भिजू दे. आत नेलं का घरचं होते."

ताई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मी गाडीतली छत्री आणून साडूंवर धरली, तर ते म्हणाले, "माझ्यावर नको, साडूभाऊ. धुराड्यावर धरा." असे आम्ही उभे होतो, एक साडू छत्री घेऊन, एक साडू फावडं घेऊन, दोघेही चिंब, आणि कोरडा फक्त ओव्हन. साडूंच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं आणि ते वाकून घुमटीत बघत होते, फावड्याच्या टोकाने पिझ्झा गोल फिरवत होते. मी त्यांच्याशी आयुष्यभर थट्टेनेच बोलत आलो आहे. त्या वेळी मला एकही थट्टा सुचली नाही.

पिझ्झा निघाला. काय सांगू, चंद्र निघाला. कडा फुगलेल्या, जागोजाग काळे ठिपके, चीज बुडबुडत होतं. साडूंनी त्यावर कुंडीतली चार हिरवी पानं खुडून टाकली, एक तुकडा कापला, ताटलीत ठेवला आणि डेकवर सासूबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"आई, हे बाहेरचं आहे," ते म्हणाले. "भाजलं बाहेर. पाणी बागेतल्या नळाचं. टोमॅटो दुकानातले, चीज दुकानातलं. घरातलं यात काही नाही."

सासूबाईंनी हेडबाईंसारखं सगळं ऐकून घेतलं. "पीठ कुठे मळलं?"

"गॅरेजमध्ये."

"गॅरेजमधून घरात जायला दार आहे का?"

साडूंनी चष्मा पुसला. आहे. मिल्टनमधल्या प्रत्येक घराला आहे. नाही म्हटलं असतं तर त्या काही बघायला जाणार नव्हत्या. पण हा माणूस जन्मभर क्वालिटीत होता. खोटा दाखला त्याला देता येत नाही.

"आहे," ते म्हणाले.

"मग गॅरेज घरातच आलं की हो, जावईबापू."

छत्रीवर पाऊस वाजत होता. मला साडूंकडे बघवेना म्हणून मी पिझ्झ्याकडे बघत राहिलो. सासूबाईही पिझ्झ्याकडेच बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा सारखा केला.

"ही पानं कसली?"

"बेसिल आहे, आई. म्हणजे इटालियन तुळस."

"आई, ती आपली तुळस नाही," ताई दारातून म्हणाल्या, "ती सब्जासारखी—"

"तू थांब गं," सासूबाई म्हणाल्या. "मला शिकवू नकोस." त्यांनी मांडीवरचा डबा उचलून टेबलावर ठेवला. "तुळशीचं पान ठेवलंय ना वर? मग हा नैवेद्य झाला. नैवेद्य घरचा नाही आणि बाहेरचाही नाही. तो देवाचा."

त्यांनी वाकून चपला काढल्या, मग लोकरी मोजे काढले, आणि ओल्या फळ्यांवर अनवाणी उभ्या राहून उजवा हात पुढे केला, खाली डावा.

साडूंनी तुकडा उचलला आणि मधेच थांबले. "थांबा आई, गरम आहे." कमरेचं पिस्तूल काढून त्यांनी तुकड्यावर लाल ठिपका धरला. आम्ही सगळे त्या गार पावसात उभे, सासूबाईंचा हात पसरलेला, आणि साडू आकडा उतरायची वाट बघतायत. कोणी हसलं नाही. शेवटी ते म्हणाले, "आता घ्या."

सासूबाईंनी खाल्लं. सावकाश, कडेसकट. हेडबाई पेपर तपासतात तसं एकेक चावत. मग म्हणाल्या, "मीठ बरोबर पडलंय." सोनाराच्या काट्याचा याहून मोठा सन्मान झाला नसेल. आणि हात पुन्हा पुढे आला. "प्रसाद दुसऱ्यांदा मागू नये म्हणतात. पण हा तुकडा जरा लहानच होता."

"ओव्हन बंद करून येते," असं म्हणून ताई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. माझी बायको त्यांच्या मागोमाग गेली. साडू दुसरा तुकडा कापायला वळले तेव्हा फावडं उलटं धरून कापायला बघत होते. त्या दिवशी डबा न उघडता परत निघाला. भाकरी आम्ही परतीच्या वाटेवर गाडीत खाल्ली, आणि सासूबाई मागच्या सीटवर कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वाट बघायला काय, पोट भरलेलं असलं तरी बघता येते."

आता त्यांचे गुडघे विमानाचा एवढा प्रवास करू देत नाहीत. त्यानंतर त्यांचं येणं झालं नाही. साडूंनी मात्र पिझ्झा शुक्रवारी संध्याकाळी ठेवला आहे, कारण आमची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे बार्शीची शनिवार पहाट. सासूबाईंची आंघोळ झालेली असते, त्या फोनसमोर येऊन बसतात. बर्फ पडलं की गल्लीतले सगळे आधी ड्राइव्हवे शोव्हल करतात, म्हणजे घरापुढची गाडीची वाट मोकळी करतात. साडू आधी मागच्या दारापासून ओव्हनपर्यंतची वाट काढतात, गाडी नंतर. तुळशीची कुंडी थंडीत घरात असते, खिडकीशी, खास दिव्याखाली. तिच्या मातीवर रोज लाल ठिपका पडतो. मागच्या आठवड्यात मी गेलो तर मला दारात सरबतही विचारलं नाही, कुंडीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला थंडी वाजून राहिली, साडूभाऊ."

पिझ्झा झाला की ताई फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतात. तिकडून सासूबाई विचारतात, "पान ठेवलं का?" इकडून साडू ताटली वर करून दाखवतात. मग सासूबाई पदर सारखा करतात आणि हसत हसत, गंमत म्हणून, फोनपुढे हात पसरतात, उजवा वर, डावा खाली.

"थांबा आई," साडू म्हणतात, "गरम आहे."

आणि पिस्तूल काढून, तुकड्यावर नेम धरून, आकडा उतरेपर्यंत थांबतात. सासूबाईही हात तसाच धरून थांबतात.

"आता घ्या," साडू म्हणतात.